जावयाच्या तापाची खातरजमा

दुकानातून आणलेली अंडी खातरजमाकाकांच्या घरात सरळ स्वयंपाकघरात कधी गेली नाहीत. आधी मागच्या अंगणात जायचं, भिंतीलगत कायम भरून ठेवलेल्या बादलीत एकेक अंडं हलकेच सोडायचं आणि बघत राहायचं. तळाशी आडवं पडलं तर ताजं. उभं राहिलं तर शिळं. तरंगलं तर काका ते ओल्या हातानेच घेऊन तडक दुकानात जायचे आणि दुकानदारासमोर ठेवून म्हणायचे, "हे तुमच्या घरी खा." दुकानदाराने कितीदा तरी विनवलं होतं, की काका, तुम्ही दुसरीकडून घेत जा. पण काकांचं म्हणणं असं, की हा लबाड आहे हे निदान मला ठाऊक आहे. दुसरा किती लबाड आहे ते या वयात नव्याने कोण शोधत बसणार?

हे नाव त्यांना उबवणी केंद्रात मिळालं. तिथे अंड्यांतून पिल्लं काढायचं काम चालतं. खोलीएवढी कपाटं, आत मजल्यांवर मजले चढवलेले अंड्यांचे ट्रे, पंख्यांची घरघर आणि दमट ऊब. ट्रे आपोआप कुरकुरत या अंगावरून त्या अंगावर कलत राहतात. कपाटाच्या दारावर आतलं तापमान दाखवणारा छोटा पडदा असतो. बाकीचे कामगार त्या पडद्यावर नजर टाकून पुढे जात. काका मात्र खिशातला काचेचा तापमापक काढून आत ठेवत, दार लावत, आणि त्याला कोणी हात लावत नाही ना हे बघत बाहेर उभे राहत. मग पारा वाचत आणि मगच पुढच्या कपाटाकडे वळत. "खातरजमा केल्याशिवाय मी काही मानत नाही," हे वाक्य त्यांच्या तोंडून इतक्यांदा निघे, की शेवटी लोकांनी तेच त्यांना चिकटवून टाकलं.

याला कारणही होतं. तरुणपणी एकदा त्यांनी पडद्यावर विश्वास टाकला होता. आकडा अगदी बरोबर दिसत होता आणि आतली तार बिघडून कपाट तापत चाललं होतं. पिल्लं बाहेर यायच्या बेताला आली होती, ती सगळी खेप आतल्या आत शिजली. मालकाने सगळ्यांदेखत विचारलं, "डोळे कुठे होते तुमचे?" डोळे पडद्यावरच होते, हे सांगायची काकांना लाज वाटली. त्या दिवशी त्यांनी कानाला खडा लावला. माणसं खोटं बोलतात, पडदे खोटं बोलतात, काचेतला पारा तेवढा बोलत नाही. जगात विश्वासाला लायक अशी ही एकच वस्तू होती आणि ती शर्टाच्या खिशात मावत होती.

घरातही हेच. बायको लवकर गेली आणि मुलीला त्यांनी एकट्याने वाढवलं. शाळेच्या वेळेला पोर "पोट दुखतंय" म्हणाली, की काका माणसांचा तापमापक काढायचे. पारा जागच्या जागी दिसला की दप्तर पाठीवर. पोरगी रडत रडत जायची आणि दुपारी हसत परत यायची, म्हणजे आपण बरोबर होतो, असं काका स्वतःला सांगायचे. तीच मुलगी पुढे त्याच शाळेत शिक्षिका झाली. तिथे फाटकावर नाव रंगवायला एक पेंटर आला. फाटक रंगवून झालं तरी तो येत राहिला. तेव्हाच काकांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती, पण तोवर मुलीचं मन ठरलं होतं.

बापाला एकटं सोडून जाणार नाही, ही मुलीची अट. म्हणून पेंटर घरजावई झाला. काकांच्या मते तो मुलीसाठी आला नव्हता, घरासाठी आला होता. पुरावे भरपूर होते. तो दुपारी झोपायचा. काम करताना गुणगुणायचा. काका काहीही बोलले तरी हसायचा, आणि विनाकारण हसणारा माणूस काहीतरी लपवत असतो. एकदा तर तो टेप घेऊन बाहेरची भिंत मोजताना सापडला. "दारावर पाटी रंगवणार होतो मामा, तुमच्या नावाची," असं म्हणाला. काकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. पाटी मात्र पुढे आली, आणि चांगली झाली, तेव्हा काकांना वाटलं की आता याने पुरावा नष्ट केला.

डासांचा मोसम सुरू झाला तसं आरोग्य खात्याची माणसं घरोघरी फिरू लागली. काकांच्या दारात आली ती एक बाई, खांद्याला पिशवी, हातात बॅटरी.

"साठलेलं पाणी बघायचंय काका. मागे अंगण आहे का? दोन मिनिटांत जाते."

"ओळखपत्र?"

बाईने दाखवलं. काकांनी ते उजेडात धरलं, उलटंपालटं केलं.

"फोटोतल्या बाईचे केस मोकळे आहेत."

"उन्हात फिरायचं म्हणून बांधलेत."

"साठलेलं पाणी बघायला आलात की मागच्या दाराला कुलूप कसलं आहे ते?"

बाईने अशी माणसं बरीच पाहिली असावीत. तिने वाद घातला नाही. दाराशेजारी खडूने 'तपासणी नाही' अशी खूण केली आणि ती पुढच्या घरी गेली. चोरांच्या टोळ्या घरांवर खुणा करून ठेवतात हे काकांनी ऐकलं होतं. त्यांनी ओल्या फडक्याने ती खूण पुसून काढली आणि दुपारभर खिडकीतून रस्त्यावर पाळत ठेवली.

पुढे थोड्याच दिवसांनी जावई भरदुपारी घरी आला. एका औषधाच्या दुकानाची पाटी अर्धी टाकून, शिडी तिथेच सोडून. डोळे लाल, अंगात हुडहुडी. "डोकं फुटतंय मामा. डोळ्यांच्या मागे कोणी दाबल्यासारखं दुखतंय," एवढं बोलून तो आडवा झाला. आता, दुसऱ्या दिवशी माळा साफ करायचा असं ठरलं होतं. काकांनीच ठरवलं होतं. नेमकं आदल्या दिवशी आजारपण, यात कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्यांनी तापमापक लावला आणि समोरच उभे राहिले, जावई तो गरम चहात बुडवील म्हणून. पारा एकशेतीनच्या वर. काकांनी झटकून पुन्हा लावला. पुन्हा तेवढाच. पारा म्हणतोय म्हणजे ताप आहे. एवढ्यापुरतं त्यांनी जावयाला मानलं.

मुलगी नवऱ्याला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात घेऊन गेली आणि काका मागोमाग गेले, सोबत म्हणून कमी आणि साक्षीदार म्हणून जास्त. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं. निदान डेंग्यूचं आलं. त्यांनी मुलीला समोर बसवून नीट सांगितलं.

"तापाची ही साधी पॅरासिटामॉलची गोळी, तीही लिहिलीय तेवढीच. अंगदुखीची दुसरी कुठलीही गोळी द्यायची नाही, कोणी कितीही चांगली म्हणालं तरी. त्याने रक्तस्राव व्हायची भीती असते. पाणी, सरबत, सूप, जे पोटात राहील ते सतत थोडं थोडं. दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा, म्हणजे यांना चावलेला डास तुम्हाला चावणार नाही. रोज रक्त तपासायचं. आणि महत्त्वाचं ऐका. ताप उतरेल तेव्हा निर्धास्त होऊ नका, त्याच दिवशी मला दाखवायला आणा. खरी काळजी तेव्हाच घ्यायची असते."

मुलीने मान डोलावली. काकांची मान हलली नाही. ताप असेल तोवर घरी ठेवा आणि ताप गेल्यावर दवाखान्यात आणा, हा कुठला उलटा कारभार? बरा झालेला माणूस डॉक्टरला कशाला हवा? घरी येताना ते मुलीला म्हणाले, "गिऱ्हाईक तुटू नये म्हणून बोलतात हे लोक. आपण शहाणं असावं."

पुढचे दिवस मुलीने शाळेला सुट्टी घेऊन काढले. ती नवऱ्याचं अंग पुसायची, सरबताचे घोट पाजायची, रक्त तपासायला नेऊन आणायची. काका खुर्ची टाकून दाराबाहेर बसायचे आणि अधूनमधून पारा बघायचे. जावयाचा एक दोस्त भेटून गेला, त्यानंतर काकांनी उशी चाचपली तर खाली गोळ्यांची चकचकीत पट्टी. दोस्ताने आणलेल्या, हमखास अंग मोकळं करणाऱ्या. काकांना वाटलं, नशेच्या असणार. त्यांनी पट्टी जप्त करून स्वतःच्या कपाटात कुलपात टाकली. जावई एवढा गळून गेला होता, की त्याला पत्ताही लागला नाही.

आणि मग एका सकाळी पारा खाली आला. काकांनी झटकला, पुन्हा लावला. अगदी जागच्या जागी. त्यांना खरोखर आनंद झाला, हेही सांगितलं पाहिजे. संशय घेतो म्हणून माणसाला जावयाचं बरंवाईट वाटत नाही असं थोडंच आहे? त्यांनी तापमापक मुलीच्या डोळ्यांसमोर धरला.

"बघ. उतरला. जा आता शाळेत, पोरं वाट बघत असतील."

"पण बाबा, डॉक्टरांनी आजच दाखवायला सांगितलंय."

"अगं, कपाट बरोबर आकड्यावर आलं की त्याचं दार उगाच कोणी उघडतं का? त्यांना झोपू दे. मी आहे घरात. तू आल्यावर बघू."

मुलीने नवऱ्याकडे पाहिलं. तो डोळे मिटून पडला होता. तिला लहानपणापासून एक गोष्ट शिकवलेली होती, की पारा खोटं बोलत नाही. ती गेली.

काका खुर्चीवर बसले. दुपारी उबवणी केंद्रात त्यांची पाळी होती, तोवर वेळच वेळ. जावई उठेल, चहा मागेल, हसेल, अशी त्यांची अपेक्षा होती. तो उठला तो फक्त तोंड धुवायला, भिंतीला धरून, आणि परत येऊन पडला. सरबत दिलं, ते त्याने ओकून टाकलं. पुन्हा दिलं, पुन्हा तेच. पोटावर हात धरून कुशी बदलत राहिला. काकांचा आनंद हळूहळू आटला आणि त्या जागी जुना, ओळखीचा भाव येऊन बसला. ताप तर नाही. मग हे काय चाललंय?

त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहणी सुरू केली. दाराच्या फटीतून पाहिलं, आत जाऊन पाहिलं, चादर सारखी करायच्या निमित्ताने पाहिलं. बेसिनपाशी गेले तर तिथे लाल डाग. मग काकांना सगळा उलगडा झाला. आजारी म्हणवून घ्यायचं आणि गुपचूप रंगकाम करायचं, किंवा गुपचूप रंगकाम करता येतंय आणि बाहेर कामाला जायचं नाही. दोन्हींतलं नक्की कोणतं ते त्यांना ठरवता येईना, पण सोंग आहे एवढं पक्कं झालं.

"जावईबापू, ताप उतरलाय तुमचा. पारा सांगतोय."

"हो मामा," जावई पुटपुटला. "पण बरं नाही वाटत."

तो हसला नाही. हे काकांनी पाहिलं, पण त्याचा अर्थ लावला नाही.

पाळीवर जाताना वाटेतच दवाखाना होता. काका मुद्दाम वेळेआधी निघाले. शेजारीण अंगणात कपडे वाळत घालत होती, तिला दारावर लक्ष ठेवायला सांगितलं. तिच्यावरही त्यांचा फारसा विश्वास नव्हता, पण तूर्तास दुसरं कोणी नव्हतं. आज डॉक्टरीणबाईंच्या तोंडून वदवून घ्यायचं, की माणूस ठणठणीत आहे, आणि संध्याकाळी मुलीसमोर सोंगाचं बिंग फोडायचं, असा त्यांचा बेत होता. मुलीने हा माणूस निवडला तेव्हा ती चुकली होती, हे कधीतरी तिला पुराव्यासकट दाखवायचं त्यांच्या मनात कित्येक दिवस होतं.

दवाखान्यात गर्दी होती. काका रांग मोडून आत गेले.

"बाई, एक तक्रार आहे. आमच्या जावयांची."

"ताप उतरला का त्यांचा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सकाळीच. मी स्वतः दोनदा पाहिला. ताप नाही आणि तरी पडून आहेत. नुसता आळस. इतका आळस, की सकाळपासून लघवीलाही उठलेले नाहीत. मी समोरच बसलो होतो ना."

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"अजून?"

काकांना हुरूप आला. कोणीतरी त्यांचं म्हणणं पहिल्यांदाच एवढं मन लावून ऐकत होतं.

"दिलेलं सगळं ओकून टाकतात. एकदा ठीक आहे, पण दर वेळी? मला तर वाटतं मुद्दाम. पोट दुखतं म्हणून कण्हतात. लहान मुलं शाळा बुडवायला असंच करतात, मी मुलगी वाढवलीय. एका जागी धड पडतही नाहीत, सारखी तळमळ. हात धरून पाहिला तर गारगार आणि ओला. ताप असता तर हात गरम नसता लागला? आणि उशीखाली गोळ्या लपवल्या होत्या."

"कसल्या गोळ्या? घेतल्या त्यांनी?"

"घेऊ कशाला देईन? जप्त केल्या मी. पट्टी न फोडलेली आहे." काका पुढे झुकले. आता हुकमाचं पान. "आणि बाई, आजारी म्हणवतात आणि चोरून रंगकाम करतात. बेसिनमध्ये लाल डाग पाहिले मी."

"बेसिनमध्ये?"

"हो. सकाळी तोंड धुतलं ना त्यांनी, त्यानंतर..."

वाक्य तिथेच अडकलं. काकांनी स्वतःचे शब्द स्वतःच ऐकले. रंगाचे डबे मागच्या शेडमध्ये होते. माणूस भिंतीला धरून बेसिनपर्यंत गेला होता आणि परत आला होता. दात घासायला.

डॉक्टरीणबाई तोवर उठल्या होत्या. एका हाताने फोनवर रुग्णवाहिका बोलावत होत्या, दुसऱ्या हाताने पिशवी भरत होत्या. दारातून बाहेर पडता पडता त्यांनी काकांना जे सांगितलं ते त्यांना पुढे कायम आठवत राहिलं. या आजारात ताप उतरतो त्याच सुमाराला काहींच्या रक्तातलं पाणी नळ्यांच्या बाहेर झिरपायला लागतं. पारा बरोबर दिसतो आणि माणूस आतून सुकत जातो. पोटदुखी, सततच्या ओकाऱ्या, तळमळ, हिरड्यांतून रक्त, गार हातपाय, लघवी बंद, ही सगळी त्याची लक्षणं. "यांतलं एक दिसलं असतं तरी आणायला हवं होतं," त्या म्हणाल्या. रागावून नाही, घाईत.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. आतून सुकणं त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. उबवणीच्या कपाटात तळाशी पाण्याची परात असते. ती कोरडी पडली, तर आकडा बरोबर असूनही पिल्लं कवचाला आतून चिकटून मरतात. नव्या कामगारांना हे तेच शिकवायचे. "नुसता आकडा बघू नका, परात बघा," असं ओरडायचे. आणि घरी खुर्ची टाकून नुसता आकडा बघत बसले होते.

ते धावले. या वयात धावतात तसे, चप्पल हातात घेऊन. जावई पलंगाच्या कडेला बसला होता, उठायचा प्रयत्न करत होता. काकांना बघून त्याने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि तो पुढे कलंडला. काकांनी त्याला छातीवर झेललं. त्याच्या कपाळाला हात लावला, सवयीने. कपाळ थंड होतं. ज्या थंडपणाला सकाळी त्यांनी खुशाली मानलं होतं, त्याने आता त्यांच्या काळजात धस्स झालं.

इस्पितळात सलाईन लावलं, रक्त घेतलं, पुन्हा घेतलं. काकांना बाहेरच्या बाकावर बसवलं. मुलगी शाळेतून तशीच आली, बोटांना खडू लागलेला. शेजारी बसली आणि तिने बापाचा हात घट्ट धरला. काकांना तो हात सोडवून घ्यावासा वाटला. हिला मी स्वतः शाळेत पाठवलं. तिचा माणूस मेला तर ती हाच हात धरून रडेल आणि मी काय सांगू, की पारा बरोबर होता? त्यांना जन्मात कधी एवढी भीती वाटली नव्हती. दार उघडलं की ते उठून उभे राहायचे आणि बंद झालं की बसायचे.

पुढचा सगळा दिवस असाच टांगणीला लागून गेला. मग एकदाची नर्स बाहेर येऊन म्हणाली, की लघवी होतेय, नाडी सुधारलीय. काकांनी तिला ते तीनदा म्हणायला लावलं. डॉक्टरीणबाई बघायला आल्या तेव्हा मुलीला म्हणाल्या, "वेळेत आणलंत. तुमच्या वडिलांनी येऊन एकूणएक सांगितलं. किती वेळा ओकले, हात कसा लागला, सगळं. सख्खा बापही एवढं बारीक लक्ष ठेवत नाही."

मुलगी बापाच्या गळ्यात पडून रडली. "तुम्ही होतात म्हणून बाबा," ती म्हणत राहिली. काकांनी तिच्या डोक्यावरून डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. बाईंना कामाच्या गडबडीत तक्रारीचा विसर पडला होता, की त्यांनी मुद्दाम ते गाळलं होतं? काकांना त्यांच्या चेहऱ्यावरून थांग लागला नाही. उलगडा करून घ्यायची हिंमतही झाली नाही.

ते कपडे आणायला घरी गेले तर दारात तीच आरोग्य खात्याची बाई. घरात डेंग्यूचा रोगी निघाला म्हणून खात्यानेच पाठवलं होतं. या वेळी काकांनी ओळखपत्र मागितलं नाही. ती मागच्या अंगणात गेली, बॅटरी मारली, आणि अंडी पारखायच्या बादलीपाशी वाकली.

"हे पाणी कधी बदललंत?"

"अधूनमधून भर घालतो," काका म्हणाले. "स्वच्छ आहे. वास नाही, काही नाही."

"यांना स्वच्छच लागतं. बघा."

काकांनी वाकून पाहिलं. पाण्यात बारीक केसांसारख्या आळ्या वळवळत होत्या, वर येत होत्या, खाली जात होत्या. या बादलीत त्यांनी शेकडो अंडी डोळे बारीक करून पाहिली होती. आळ्या दिसल्या नव्हत्या, कारण ते त्यांना शोधत नव्हते. आता इथलाच डास त्याला चावला, की शिडीवरच्या माणसाला दुसरीकडे कुठे चावला, हे कोणीच सांगू शकलं नसतं. काकांनी या एका बाबतीत स्वतःला संशयाचा फायदा दिला नाही.

"नुसती ओतून भागायचं नाही," बाई म्हणाली. "त्यांची अंडी आतून कडेला चिकटून राहतात, वाळली तरी मरत नाहीत. काथ्याने घासा, आणि यापुढे आठवड्यातून एकदा घरातलं सगळं साठवणीचं पाणी रिकामं करून भांडी घासत जा." काकांनी पाणी कोरड्या मातीवर उन्हात ओतलं आणि बादली घासायला बसले. आयुष्यभर अंड्यांवर पोट भरलं, आणि स्वतःच्या अंगणातली अंडी दुसऱ्याच कोणीतरी दाखवून दिली. बाई गेल्यावरही ते बराच वेळ घासत होते.

इस्पितळात परतले तेव्हा मुलगी खाली औषधं आणायला गेली होती. जावई उशीला टेकून बसला होता, ओठ सोललेले, हाताला सुया टोचून निळे डाग. काकांनी पेल्यात पाणी ओतून त्याला दिलं. तो ते प्यायला. काकांनी पेला उजेडात धरून पाहिला.

"रिकामा आहे मामा," जावई म्हणाला.

"बघतोय फक्त."

मग काका खिडकीकडे बघत म्हणाले, "मागच्या बादलीत आळ्या निघाल्या. माझ्या. म्हणजे, अंड्यांच्या बादलीत. त्या बाईला मीच आत येऊ दिलं नव्हतं."

जावयाने जरा विचार केला. "अंडी तरी ताजी निघाली होती का?"

काकांना हसू येईना आणि रागावताही येईना. जावई मात्र हसला, बऱ्याच दिवसांनी, आणि हसताना पोट दुखलं म्हणून थांबला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "मामा, दवाखान्यात तुम्ही माझी तक्रार घेऊन गेला होतात ना?"

काकांच्या हातातला पेला जागच्या जागी राहिला. "कोणी सांगितलं? बाईंनी?"

"कोणी कशाला सांगायला हवं? मी तुमच्या घरात राहतो. तुम्ही माझ्या काळजीपोटी नव्हतातच जाणार." त्याने डोळे मिटून घेतले. आवाजात कडवटपणा नव्हता. तेच काकांना जास्त लागलं. "सगळं नीट पाहिलं होतंत, म्हणून वाचलो. तिला मी काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही."

हे खरं कशावरून मानायचं? तपासायला पारा नव्हता, बादली नव्हती. ज्या माणसावर त्यांनी एक दिवसही विश्वास टाकला नव्हता, त्याच्याच शब्दावर त्यांची सगळी इभ्रत टेकली होती. काकांनी नुसती चादर ओढून जावयाच्या गार पावलांवर घातली.

मुलगी औषधांची पिशवी घेऊन आत आली. दोघांकडे आळीपाळीने बघत तिने विचारलं, "काय कुजबुज चाललीय दोघांची?"

"काही नाही गं," जावई म्हणाला. "मामा सांगत होते, त्या दिवशी मला बघून यांचा जीव किती घाबरा झाला, आणि पाळी सोडून कसे दवाखान्यात धावले."

मुलीने बापाकडे असं पाहिलं, की काकांना खाली बघावं लागलं. समोरचा माणूस धडधडीत खोटं बोलत होता, आणि खातरजमाकाकांनी त्याला पकडलं नाही.